आग्रहास मनाई

कोरेगाव, जि. सातारा
१० जानेवारी २०२५

प्रिय सुधीरपंत,

फोन न करता लिहितो आहे. तोंडी होते ते भांडण आणि लेखी होतो तो वाद, असे लॉ कॉलेजच्या वसतिगृहात तूच ठरवून दिले होतेस. मला या खेपेला भांडण नको, वाद हवा आहे, आणि त्यात लवाद म्हणून तू हवा आहेस.

विषय माझी सुनयना. तुर्भ्याला एमआयडीसीत माझा गुळाचा गाळा होता, तो तुला ठाऊक आहे. गुडघे गेले तेव्हा मी व्यापार आटोपला आणि गाळा रिकामा पडला. पोरगी जर्मनीत दोन वर्षे शिकून आली आणि त्याच गाळ्यात बिअर तयार करू लागली. शेजारी बसून प्यायची जागा. तिच्या भाषेत टॅपरूम, माझ्या भाषेत गुत्ता. आता परवान्याचे नूतनीकरण आहे आणि त्याला गाळामालकाचे संमतीपत्र लागते. मालक मी. मार्चअखेर सही दिली तर धंदा चालेल, नाही दिली तर बंद. एक मसालेवाला तो गाळा कधीचा मागतो आहे.

पोरगी बिअर करते याचा मला राग नाही, मी काही माळकरी नाही. राग निराळा आहे. पुतण्याने मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. 'माणसे उद्धट.' 'नियमांची शाळा.' 'टेबलाशी कोणी फिरकत नाही.' बर्ग्यांच्या उंबऱ्यावरून आजवर एक पाहुणा अर्धपोटी परतलेला नाही, आणि बर्ग्यांच्याच गाळ्यात पाहुण्याला रांगेत उभे करतात!

वाशीहून तुर्भे तुला हाकेवर. जा, बघ, आणि निवाडा दे. जागा माणसांना बसण्याजोगी असेल तर मी सही करीन. नसेल तर गाळा मसाल्याचा. सुनयना तुला ओळखणार नाही. तू तिला पाहिलेस तेव्हा ती परकरात होती.

तुझा,
उदयसिंह

-

वाशी, नवी मुंबई
२१ जानेवारी २०२५

प्रिय उदयसिंह,

लवादपद स्वीकारतो. अट एकच : निवाडा होईपर्यंत मी तुझा मित्र नाही. निवाड्यानंतर पुन्हा होईन.

प्रथम वस्तुस्थिती. गाळा शोधणे कठीण गेले नाही. ट्रकांच्या रांगेमागे एका छपरावरून पांढरे लोट उठत होते, त्यांच्या रोखाने गेलो. दाराशी एक तरुणी उभी होती. तिचे नाव मोनाली, राहणार बोनकोडे, हे मागाहून कळले. मी आत पाऊल टाकणार तोच तिने हात आडवा केला.

"आयडी, काका."

"कशासाठी?"

"एकवीसच्या खाली आत घेत नाय."

मी डोक्यावरची टोपी काढून माझे केस तिला दाखवले. शहात्तर वर्षांच्या माणसाजवळ याहून बळकट पुरावा नसतो, अशी माझी समजूत होती.

"केस पांढरे पन करून मिलतात, काका. परवा एक पोरगा नाटकातली दाढी लावून आलेला. आयडी."

मी ज्येष्ठ नागरिक संघाचे ओळखपत्र दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि परत केले. त्यावर जन्मतारीख नव्हती. ज्येष्ठ असल्याविना तो संघ सभासदत्वच देत नाही, हा युक्तिवाद मी सविस्तर मांडला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे नमूद करतो. मग म्हणाली, "ते संघाचं टेन्शन. आमचं कार्डावरच्या तारखेचं." मी घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन गेलो, प्रवेश मिळाला. टेबलाशी बसलो आणि बराच वेळ बसूनच राहिलो, कारण कोणी आले नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी कीव करून सांगितले की येथे उठून काउंटरशी जावे लागते. गेलो. रांगेत थांबलो. माझी पाळी आली तेव्हा काउंटरमागे तीच मोनाली. मी म्हणालो, "मला यातले काही कळत नाही. तुम्हीच एखादी चांगली सुचवा."

"आमी सुचवत नाय. चाखायला थोडी देते. बघा, ठरवा."

चार लहान पेले तिने पुढे ठेवले आणि पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागली. मी ठरवेपर्यंत माझ्यामागची रांग वाढत गेली, पण तिने ना मला घाई केली, ना त्यांची क्षमा मागितली. मी एक निवडली. ग्लासावर रेघ होती, बिअर त्या रेघेपर्यंतच आली. वर एक थेंब नाही. सोबत शेंगदाणे नाहीत, हसू नाही, 'पुन्हा या' नाही.

सकृद्दर्शनी तुझ्या पुतण्याने वाचलेले अभिप्राय खोटे म्हणता येत नाहीत. सेवा रूक्ष आहे आणि नियम गरजेपेक्षा कडक वाटतात. तथापि हा केवळ पूर्वपक्ष आहे, हे ध्यानात असू दे.

तूर्त केवळ लवाद,
सुधीर

-

कोरेगाव
२८ जानेवारी २०२५

सुधीरपंत,

आता आणखी काय बघायचे राहिले? तुझ्यासारख्या माणसाला दारातून परत पाठवले! मी पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले. शहाजीराव बसले होते, ते मांडी थोपटून हसले. ज्यांच्या घरी मी सुनयना द्यायची म्हणतो, तेच हे शहाजीराव. माणूस देवमाणूस आहे. पोरगा विश्वजित कारखान्यात चीफ केमिस्ट. सुनयना 'नको' म्हणाली आहे, पण मुली आधी नकोच म्हणतात.

पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पुरे. निवाडा लिही, मी मसालेवाल्याला बोलावतो. सुनयना घरी येईल, चार माणसांत बसेल, सगळे मार्गी लागेल. ती जागा आल्या-गेल्याचा पाणउतारा करण्यासाठीच बांधली आहे. बाहेरच्या बाकाला पाठसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाने तिथे तासभर बसायचे म्हटले तर कण्याचे काय होईल, याचा विचार तरी कोणी केला आहे का?

लवकर लिही.

उदयसिंह

-

वाशी
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय उदयसिंह,

निवाडा लिहिलेला नाही, कारण उत्तरपक्ष ऐकून घ्यायचा होता. त्यासाठी मी पुन्हा गेलो. एकदा नव्हे, तीनदा. प्रत्येक वेळी माझे आधार कार्ड पाहिले गेले. तिसऱ्या वेळी मोनालीला म्हणालो, "आता तरी मला ओळखता ना?" ती म्हणाली, "ओलखते की. पन तुमाला सोडलं तर उद्या दुसऱ्याला काय सांगू?" उदयसिंह, सार्वत्रिक विधानाला एक अपवाद पुरतो आणि ते कोसळते, हे पहिल्या वर्षाच्या वर्गाला पटवून देताना माझी अर्धी सहामाही खर्ची पडत असे.

गेल्या शुक्रवारची हकीकत सांगतो. तळोज्याच्या एका कंपनीतील सात-आठ माणसे आली. पुढे त्यांचे साहेब. साहेब काउंटरशी जाऊन म्हणाले, "सगळ्यांना मोठा ग्लास. माझ्याकडून."

मोनाली म्हणाली, "पैसे तुमी द्या, साहेब. पन कोनाला काय पायजे ते ज्याचं त्यानं सांगायचं."

"अरे, माझी टीम आहे!"

"हो ना. मग बोलता येत असेल त्यांना."

मागे कोणीतरी खुदकन हसले. साहेबांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी मॅनेजरला बोलावण्यास फर्मावले. मॅनेजर असे तेथे कोणी नाही. टाकीजवळून रबरी बूट घातलेली, हात पुसत एक उंच मुलगी आली. कपाळ तुझे, हनुवटी प्रेमलावहिनींची. आवाज मात्र दोघांचाही नाही, इतका तो शांत होता. ती म्हणाली, "इथे कोणी कोणाला आग्रह करत नाही, सर. कोणी कोणासाठी मागवत नाही आणि कोणी कोणाच्या ग्लासात ओतत नाही. बाकी तुम्ही म्हणाल तसं." एवढे बोलून ती परत टाकीकडे गेली. समजूत काढली नाही, चहापाणी विचारले नाही.

मग एकेक जण काउंटरशी आला. त्यांत एक सडपातळ मुलगा होता. तो साहेबांकडे न पाहता म्हणाला, "मला लिंबूसरबत." त्याच्यामागच्या मुलीनेही तेच मागितले. त्यामागच्या पोक्त गृहस्थांनीही. मोठ्या ग्लासाचे मानकरी अखेरीस दोघेच उरले, आणि त्यातले एक खुद्द साहेब. सरबत हाती घेताना त्या मुलाचे खांदे जे सैल झाले, ते मी पाहिले. पुराव्यात त्याची नोंद करून घेतो.

आता माझ्या पहिल्या पत्रातील पांढऱ्या लोटांकडे वळू. धूर तेथे अग्नी, हे नैयायिकांचे लाडके अनुमान. त्यांनीच पुढे बजावले आहे की आधी तो धूर आहे याची खात्री करा, कारण दुरून वाफही तशीच दिसते. त्या छपरावरून उठत होती ती सातू शिजवण्याच्या कढईची वाफ. लोकांच्या तक्रारी मी धूर समजलो आणि आत आग असेल असे अनुमान केले. आत काहीतरी मन लावून शिजते आहे, एवढेच निघाले.

टेबलाशी कोणी येत नाही, याचे कारणही आता उमगले. टेबलाशी माणूस आला की 'आणखी एक आणू?' असे विचारतो. उठून जावे लागले की माणसाला विचार करण्याइतकी चार पावले मिळतात. त्या जागेत एकट्या आलेल्या स्त्रिया पुस्तक वाचत बसतात आणि त्यांच्या टेबलावर कोणी काही पाठवू शकत नाही. सुधारकांच्या व्याख्यानांनीही साधले नसते ते त्या मुलीने एका मनाईत साधले आहे.

रूक्षपणाचा आरोप मी अद्याप मागे घेतलेला नाही. मनाईदेखील मायेने सांगता येते. पण निवाड्याचे पारडे कोणीकडे झुकते आहे, हे तुझ्यापासून लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आणखी एक. मी निवडलेल्या बिअरचे नाव फळ्यावर खडूने 'कोरेगाव' असे लिहिले आहे. ती काकवी घालून करतात.

सुधीर

-

कोरेगाव
१९ फेब्रुवारी २०२५

सुधीर,

'पंत' आज गाळले आहे, ते मुद्दाम.

तुला म्हातारपणी बिअर चढलेली दिसते. आग्रह हा गुन्हा कधीपासून झाला? आग्रहाविना वाढलेले ताट म्हणजे खाणावळ. पाहुणा पहिल्या खेपेला 'नको' म्हणतो ती त्याची रीत, आणि दुसऱ्या खेपेला आपण वाढतो ती आपली. तिसऱ्या खेपेला तो हात आडवा धरतो तेव्हा त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. असे झाले नाही तर माणूस घरी जाऊन म्हणतो, 'बर्ग्यांनी जेवायला बोलावले, पण वाढले नाही.' आमच्याकडे माणसे अशी जोडली जातात. तुम्हा कोकणातल्या लोकांना एक पोळी वाढून 'पुरे ना?' विचारायची सवय, तुम्हाला काय कळणार!

आणि तो साहेब. बिचारा आपल्या माणसांना प्रेमाने पाजायला निघाला होता. चारचौघांत त्याचा हात मागे ढकलला. पाहुण्यांदेखत, त्याने सोबत आणलेल्या माणसांदेखत, कालच्या पोरीने ग्लास उचलून न्यायचा! त्याला काय वाटले असेल? तो तिथून कसा उठला असेल, त्याचा विचार तुझ्या न्यायशास्त्रात येतो का?

गाळा माझा आहे. निवाडा काय द्यायचा तो दे.

उदयसिंह

-

तुर्भे एमआयडीसी
२४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सुधीरकाका,

सा. न. तुम्ही काउंटरवर चिठ्ठी ठेवलीत, त्यात तुम्ही कोण ते लिहिलंत आणि नियमामागचं कारण लेखी विचारलंत. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. टोपी काढून केस दाखवणारा माणूस बाबांच्या वसतिगृहातल्या गोष्टींमध्ये लहानपणापासून भेटत आला आहे. आधार कार्डाशिवाय आत घेतलं नाही, त्याबद्दल माफी मागत नाही.

कारण गिऱ्हाइकांना मी सांगत नाही. तुम्ही लवाद आहात, म्हणून सांगते.

आमच्या घरी 'नको' या शब्दाचा अर्थ 'अजून वाढा' असा होता. पंगतीत तो गोड वाटतो. पण एकदा घराला ती सवय लागली की ताटापुरती राहत नाही. कुठल्या शाखेला जायचं, कोणाशी लग्न करायचं, सगळीकडे माझं 'नको' असंच ऐकलं गेलं. बाबा वाईट नाहीत. त्यांच्याइतकं माणसांवर जीव टाकणारं कोणी मी पाहिलेलं नाही. त्यांना खरंच ऐकू येत नाही, एवढंच.

जर्मनीत माझे गुरुजी म्हणायचे, यीस्टला आग्रह चालत नाही. उष्णता वाढवून घाई केली तर ते काम करतं, पण चव बिघडते. आम्ही नुसतं योग्य ते सगळं मांडून ठेवायचं आणि थांबायचं. मला वाटलं, माणसांसाठीही अशी एक जागा असावी. जिथे 'नको' म्हणजे नको. एवढीच एक खोली. बाकीचं जग आहेच आग्रहाला.

मोनाली फटकळ आहे, हे खरं. तिला मी बदलणार नाही. गोड बोलणारी माणसं ठेवून पाहिली होती. ती गोड बोलून शेवटी एकेक ग्लास जास्त विकत होती.

बाबांनी सही केली नाही तर मी गाळा रिकामा करून देईन. त्यांच्या पाया पडेन, पण 'करा ना' असं म्हणणार नाही. तुम्हीही माझ्यासाठी म्हणू नका.

सुनयना

-

वाशी
३ मार्च २०२५

प्रिय उदयसिंह,

निवाड्यापूर्वी एक प्राथमिक आक्षेप निकालात काढणे प्राप्त आहे. लवाद नेमताना तू एक वस्तुस्थिती दडवलीस. तू त्या जागी गेला आहेस.

प्रमाणे देतो. तुझ्या दुसऱ्या पत्रात बाहेरच्या बाकाला पाठ नसल्याचा उल्लेख होता. मी बाकाविषयी एक अक्षरही लिहिले नव्हते. शिवाय तळोज्याच्या साहेबांचा ग्लास कोणी उचलून नेलाच नव्हता. ती गोष्ट तुझ्या पत्रात आली ती माझ्या पत्रातून नव्हे. एवढ्याने अनुमान झाले. शब्दप्रमाण मोनालीकडून मिळाले. परवा मी तिला विचारले, "हा नियम कोणासाठी मोडलात का कधी?"

"नाय. दिवाळीनंतर साताऱ्याचे एक आजोबा आलेले, मोठ्या मिशीवाले, दोघा-तिघांना घेऊन. सोबतचे पाव्हणे नको नको बोलत होते आनि आजोबा आपला ग्लास त्यांच्या तोंडाशी नेत होते, 'माझ्या गळ्याची शपथ' बोलून. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ग्लास उचलला. लय चिडले. बाहेर बाकावर जाऊन बसले, लय वेळ. पाव्हणे मात्र आत मजेत होते, शेवटपर्यंत सरबत पीत."

"आणि तुमच्या मॅडम?"

"टाकीमागं होत्या. मी जाऊन सांगितलं, तर बोलल्या, बरोबर केलंस. पन त्या दिवशी सगले ग्लास त्याच पुसत बसल्या. मला हात लावू दिला नाय."

मोनालीला तू कोण ते आजही ठाऊक नाही. मी सांगितले नाही. सुनयनाने मला लिहिलेल्या पत्रात या प्रसंगाचा उल्लेख नाही, तुझ्या पत्रांतही नाही. एकच गोष्ट दोघांनी दडवली. तू स्वतःचा मान राखण्यासाठी दडवलीस. तिने कशासाठी दडवली, ते तू ठरव.

या परिस्थितीत तुझा अर्ज फेटाळण्याचा मला पूर्ण अधिकार होता. तो मी वापरत नाही, कारण तू दडवलेली वस्तुस्थितीच तिच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. नियम करणारे पुष्कळ असतात. नियमाची परीक्षा तो कोणासमोर वाकतो यावरून होते. तिच्यासमोर तिचा बाप होता, गाळ्याचा मालक होता, आणि ज्याच्या सहीवर सारे अवलंबून होते तो माणूस होता. तिघेही एकाच खुर्चीत बसले होते. ती बाहेर आली असती, एवढ्या वेळेला चालू द्या म्हणाली असती, तर तुला आनंद झाला असता आणि त्या सडपातळ मुलाचे लिंबूसरबत त्याच दिवशी संपुष्टात आले असते. तिने ग्लास पुसले. मी आयुष्यभर न्यायाधीश घडवण्याच्या वर्गात शिकवले, पण त्या खोलीतून असा एकही बाहेर पडल्याचे मला स्मरत नाही.

आग्रहाविषयी तू लिहिलेस ते सुंदर आहे आणि त्यातील बरेचसे खरे आहे. तुझ्या पंगतीला मी जेवलो आहे. पण तुझ्या युक्तिवादात एक गृहीत आहे : पाहुण्याला मनातून हवेच असते. ते कधी खरे असते, कधी नसते, आणि कोणत्या वेळी काय, हे ओळखण्याचे साधन तुझ्याजवळ नाही. तुझ्या मुलीने एक साधन शोधले. ती त्यालाच विचारते आणि तो देईल त्या उत्तरावर विश्वास ठेवते. माझ्या मते हाही आदरसत्काराचाच एक प्रकार आहे, आणि तुझ्या प्रकाराहून कठीण.

निवाडा : ती जागा माणसांना बसण्याजोगी आहे. शिफारस : बाहेरच्या बाकाला पाठ लावावी, आणि दारावर ज्येष्ठांसाठी 'आधार आणावे' अशी पाटी ठळक असावी.

सही कर, असे मी म्हणणार नाही. निवाडा दिला, लवाद संपला. आता मी पुन्हा तुझा मित्र आहे आणि मित्र म्हणूनही म्हणणार नाही. ते तिला आवडणार नाही.

तुझा,
सुधीर

-

कोरेगाव
२८ मार्च २०२५

प्रिय सुधीरपंत,

तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही. मग एकाएकी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो आणि तीन दिवस राहिलो. त्या तीन दिवसांत तू मला एकदाही विचारले नाहीस, मीही सांगितले नाही. म्हणून आता लिहितो.

शनिवारी एकटाच गेलो. मोनालीने कार्ड मागितले, मी दिले. तिने मला ओळखले. म्हणाली, "आजोबा, आज एकटेच? बरं केलंत." मी रांगेत उभा राहिलो. बाजारात मी आयुष्यभर लोकांना उभे केले, स्वतः कधी राहिलो नव्हतो. पुढच्या माणसाला ठरवायला वेळ लागत होता. मनात आले, याला सांगावे, ती काकवीची घे, आमच्या गावची आहे. जीभ चावली.

काउंटरवर सुनयना होती. माझी पाळी आली. मी म्हणालो, "कोरेगाव. लहान ग्लास." तिने रेघेपर्यंत भरला. वर एक थेंब नाही. विचारले, "एवढंच, बाबा?"

"एवढंच."

"बरं," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सुधीरपंत, आजवर माझ्या घरात 'एवढंच' म्हटल्यावर कोणी थांबले नव्हते. मी कोणाला थांबू दिले नाही, मग मला तरी कोण थांबू देणार? कोपऱ्यात जाऊन बसलो. एक घोट घेतला. गुऱ्हाळात कढई उतरवताना काठाला लागलेली काकवी आम्ही बोटाने चाटायचो, तो वास. सगळा ग्लास सावकाश संपवला. दुसरा मागितला नाही आणि कोणी विचारलेही नाही. खोलीत माणसे होती, बोलत होती, कोणी कोणाला ओढत नव्हते. असे बसता येते, हे मला ठाऊक नव्हते.

उठताना खिशातून संमतीपत्र काढून काउंटरवर ठेवले. सही केलेले. मला वाटले होते, आता तरी पोरगी बाहेर येईल. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, डोळे भरले होते, आणि म्हणाली, "इथं कागद घेत नाही, बाबा. काउंटर ओला असतो, शाई पसरते. सोमवारी वर ऑफिसात या. दहानंतर."

मागून मोनाली म्हणाली, "नियम हाय, आजोबा." तोवर तिला कळले होते मी कोण ते. तरी म्हणाली.

मी कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. बाकाला पाठ लागली आहे, तुझी शिफारस तिथवर पोचलेली दिसते. टेकून बसलो आणि हसू आवरेना. शेजारी एक ट्रकवाला उभा होता, त्याला म्हणालो, "पोरगी माझी आहे. मलासुद्धा सोमवारी बोलावलंय." त्याला काय कळणार! पण कोणाला तरी सांगायचेच होते.

सोमवारी दहानंतर कागद दिला. तिने चहा विचारला, मी हो म्हणालो, तिने एकच कप दिला.

घरी आल्यावर शहाजीरावांना ओसरीवर बोलावले आणि सांगितले, मुलगी नको म्हणते आहे. ते म्हणाले, "मुली आधी नकोच म्हणतात." मी म्हणालो, "माझी नको म्हणते तेव्हा नको असते." आवाज जरा चढला. मग ते म्हणाले, दिवाळीनंतर माझ्यासोबत तुर्भ्याला आले होते, तो आत सरबत पिण्याचा दिवस त्यांना फार आवडला होता. इतकी वर्षे माझ्याकडे त्यांनी जिलब्या कशा संपवल्या, हे त्यांचे त्यांना माहीत.

आता तक्रार. रविवारी रात्री तुझ्याकडे मुगाची खिचडी होती. तू विचारलेस, "आणखी वाढू?" मी आपला रीतीप्रमाणे म्हणालो, "नको." आणि तू पातेले उचलून आत घेऊन गेलास. मी हात तसाच आडवा धरून बसलो होतो. त्या रात्री उदयसिंह बर्गे, शहात्तर वर्षांत पहिल्यांदा, मित्राच्या घरी अर्धपोटी झोपला.

पुढच्या महिन्यात येतो आहे. खिचडी जरा जास्त टाक. या खेपेला तू विचारलेस की 'हो' म्हणेन.

तुझा,
उदयसिंह